डिस्चार्जनंतरचे हृदय : हार्ट फेल्युअर आणि परिचारिकेची शुश्रूषा

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या हृदयविभागात दुपारच्या वेळी डिस्चार्जची घाई असते. विम्याची मंजुरी अडकलेली असते, बिल भरायचे असते, गाडी खाली येऊन थांबलेली असते आणि या गडबडीत आठ-नऊ गोळ्यांची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती पडते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या बाबतीत घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, कारण पुन्हा दाखल होण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक असते. म्हणून घरी पाठवण्यापूर्वी परिचारिकेने रुग्णाजवळ बसून दिलेला अर्धा तास हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वेळ कामाच्या वाटणीत धरलेला नसेल, तर महागड्या औषधांचा बराचसा उपयोग वाया जातो.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचे आकुंचन दुबळे झाल्यामुळे, किंवा त्याचा स्नायू ताठर होऊन ते नीट भरत नसल्यामुळे, शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलले जात नाही, अशी ती अवस्था असते. पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब, मधुमेह, झडपांचे विकार आणि दारू ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकले जाते, ते इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात ‘ईएफ’ (इजेक्शन फ्रॅक्शन) या नावाने लिहिलेले असते. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. तो ६० दिसला की ‘हृदय साठच टक्के चालते आहे’ असे समजून हवालदिल होणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते. ४० किंवा त्याहून खाली आलेला ईएफ मात्र आकुंचन क्षीण झाल्याचे दाखवतो. दुसरीकडे, ईएफ ठीक असूनही हृदय ताठर झाल्यामुळे हार्ट फेल्युअर होऊ शकतो, विशेषतः वयस्क स्त्रियांमध्ये आणि रक्तदाब किंवा लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींमध्ये.

या आजारात पाणी का साठते, हे रुग्णाला एकदा उमगले की पुढची सगळी पथ्ये त्याला आपोआप पटतात. रक्ताचा पुरवठा कमी पडला की मूत्रपिंडाला शरीरातील पाणी कमी झाल्यासारखे वाटते आणि ते मीठ व पाणी धरून ठेवणारी संप्रेरके जागी करते. रक्तस्राव झाला असता तर याच यंत्रणेने जीव वाचवला असता. इथे मात्र दुबळ्या हृदयावर आणखी भार पडतो. पाणी आधी पायांत, पोटात आणि फुफ्फुसांत मुरते, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला तर तिथे खळगा राहतो. रात्री एका उशीऐवजी दोन-तीन उशा लागतात, पुढे पुढे माणूस झोपेतून दचकून उठतो आणि खिडकीशी बसून राहतो. चपलेचा पट्टा लावायला वाकले तरी धाप लागणे, हेही याच साठलेल्या पाण्याचे लक्षण आहे.

हे सगळे दिसू लागण्याच्या आधी वजनकाटा बोलू लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका हा हिशेब सरळ आहे. अमेरिकेत घरच्या वजनाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या किमान आठवडाभर आधीपासून वजन चढत असल्याचे आढळले. म्हणजे सावध होण्यासाठी आठवडाभराचा अवधी मिळतो. फक्त त्या काट्याकडे कोणीतरी पाहत असले पाहिजे. अडचण अशी, की आपल्या घरांत वजन वाढणे ही बरे होण्याची खूण समजली जाते. ‘अंग धरतंय’ म्हणून आनंद मानला जातो. त्यामुळे परिचारिकेने नुसती सूचना देऊन भागत नाही. ऐकणाऱ्याने त्यातून काय घेतले, हे तिला त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

चांगली सिस्टर हे कसे करते, ते पाहण्यासारखे असते. ती रुग्णाच्या पत्नीला विचारते, “काकू, सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचं?” काकू सांगतात, “ह्यांचं वजन. लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत.” सिस्टर पुढे विचारते, “आज चौसष्ट भरलं आणि परवा साडेसहासष्ट झालं तर?” काकू लगेच म्हणतात, “मग रात्रीचा भात बंद करीन.” त्यावर सिस्टर म्हणते, “नाही काकू. दोन दिवसांत चरबी वाढत नाही, हे पाणी आहे. जेवण तोडायचं नाही, आम्हाला फोन करायचा. आता मला परत सांगा बरं.” तो चुकीचा समज या प्रश्नामुळेच बाहेर आला, मान डोलावून घेण्यावर सिस्टर समाधानी राहिली असती, तर तो घरी जाऊन त्रासदायक ठरला असता. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर वाट न पाहता कळवायचे, हा नियम म्हणूनच वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून द्यावा.

अशा शुश्रूषेने खरोखर फरक पडतो का, हे तपासून पाहिले गेले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ७० वर्षांवरील २८२ रुग्णांपैकी निम्म्यांना परिचारिकेच्या देखरेखीखाली शिकवण, आहारसल्ला, औषधांची फेरतपासणी आणि घरभेटी मिळाल्या, तर उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. नव्वद दिवसांत पहिल्या गटात हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. पुढे २००३ मध्ये स्वीडनमध्ये परिचारिकांनी चालवलेल्या हार्ट फेल्युअर क्लिनिकांमुळे रुग्णांचे आयुष्यही वाढल्याचे दिसले. आपल्याकडे याची निकड अधिकच आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये नोंदवलेल्या १,२०५ रुग्णांचे सरासरी वय अवघे ६१ होते आणि त्यांतील सुमारे ४५ टक्के रुग्ण तीन वर्षांत दगावले. घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे चालू असतानाच हा आजार गाठतो, हे या आकड्यांवरून कळते.

औषधांबाबत परिचारिकेला जे कळते ते पुष्कळदा डॉक्टरांच्या कानावर जातच नाही. पाण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड, घेतल्यावर तासाभरात लघवीचा जोर सुरू होतो आणि तो काही तास टिकतो. कळव्याहून किंवा नेरुळहून लोकलने कामावर जाणाऱ्या माणसाला हे कसे परवडणार? तो सोमवार ते शनिवार ती गोळी टाळतो, रविवारी घेतो आणि विचारल्यावर ‘गोळ्या चालू आहेत’ असे सांगतो. “कामावर जायच्या दिवशी गोळी केव्हा घेता?” असा नेमका प्रश्न विचारला की खरे काय ते बाहेर येते, आणि डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ कचेरीत पोहोचल्यानंतरची किंवा दुपारची करता येते. प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सुटण्यासारखा असतो. तरी तो न विचारल्यामुळे माणसे पुन्हा ऑक्सिजनवर जातात, याची मला फार खंत वाटते.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून त्या टाळायच्या. ‘लो सोडियम’ मिठात काही सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते; स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल यांसारखी हार्ट फेल्युअरची औषधे चालू असताना ते खाल्ले, तर रक्तातील पोटॅशियम वाढून ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे नेहमीचे मीठच आहे.

मिठाविषयी बोलताना सिस्टरला समोरच्याचे स्वयंपाकघर माहीत असावे लागते. ‘मीठ कमी खा’ या सल्ल्याने विशेष काही साधत नाही. ऐरोली किंवा दिवाळे गावातल्या कोळी किंवा आगरी घरात सुकट, सुके बोंबील आणि खारवलेली मासळी हा प्रश्न असतो, तर नौपाड्यातल्या घरात लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि संध्याकाळचे फरसाण. प्रत्येकाशी त्याच्या ताटातले जिन्नस घेऊनच बोलावे लागते. पाण्याच्या बाबतीत जुना कडक नियम आता थोडा सैल होऊ लागला आहे : नेदरलँड्समधील २०२५ च्या एका चाचणीत, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना पाण्यावर बंधन घातल्याने विशेष लाभ दिसला नाही. तरीही ज्यांच्या अंगावर सूज आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांनी दिलेले माप पाळावे, आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात चक्कर येऊ लागली तर गोळीचे प्रमाण पुन्हा विचारून घ्यावे.

आता व्यायामाकडे येऊ, कारण भीती सर्वांत जास्त इथेच असते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता इतकी घसरली, की त्यानंतरच्या तीस वर्षांच्या वयवाढीनेही तेवढी घसरली नाही. हार्ट फेल्युअरमध्ये पायांचे स्नायू झिजतात आणि थकव्याचा मोठा वाटा या झिजलेल्या स्नायूंचाच असतो. म्हणूनच ईएफ फारसा न बदलताही व्यायामाने माणूस अधिक चालू शकतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या २,३३१ रुग्णांच्या चाचणीत देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुधारले. मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे यांवरचा परिणाम मात्र माफकच होता, हेही सांगायला हवे.

कार्डियाक रिहॅबच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या देखरेखीखालील व्यायामाच्या, सत्रात परिचारिका प्रथम रुग्णाचे वजन, रक्तदाब, नाडी आणि पायांची सूज पाहते. मग सपाट मार्गिकेत सहा मिनिटांत तो किती मीटर चालतो, हे मोजले जाते. चालताना ती त्याच्याशी मुद्दाम बोलत राहते, कारण पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर वेग योग्य, आणि शब्द तुटू लागले तर वेग जास्त. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० अंकांच्या श्रममापनात (६ म्हणजे श्रम नाहीत, २० म्हणजे टोकाचे श्रम) रुग्णाने स्वतः सांगितलेला आकडा ११ ते १३ च्या आसपास राहावा, असे पाहिले जाते. बीटा ब्लॉकर हे हृदयाचे औषध घेणाऱ्याची नाडी औषधामुळेच मंद असते, म्हणून केवळ नाडीच्या आकड्यावर विसंबणे बरोबर नाही. वजन एकाएकी वाढले असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, ताप असेल किंवा छातीत दुखत असेल, तर त्या दिवशी व्यायाम करायचा नाही. छातीतले दुखणे थांबत नसेल, शुद्ध हरपत असेल किंवा आडवे होताच गुदमरत असेल, तर १०८ ला फोन करायचा.

वाशी-नेरुळमधील सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, तशीच नौपाड्यातल्या अनेक जुन्या इमारतींनाही नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यासाठी जिना हाच खरा कसोटीचा व्यायाम असतो. त्याला पायरी चढताना श्वास सोडायला, श्वास कोंडून न धरायला, प्रत्येक वळणावर थांबायला, आणि जेवणानंतर लगेच किंवा हातात पिशव्या घेऊन न चढायला शिकवावे लागते. शेजाऱ्यांना विचारून मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवता आली, तर घरात कोंडला गेलेला माणूस पुन्हा खाली उतरू लागतो. उतरता आले, की मग मासुंदा किंवा उपवन तलावाकाठी, नाहीतर नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात सपाट रस्त्यावर सकाळी चालता येते. पावसाळ्यात सोसायटीचा झाकलेला पार्किंगचा भागही पुरतो.

दर पाच रुग्णांमागे सुमारे एकाला नैराश्य असते आणि असा माणूस गोळ्या विसरतो, चालणे सोडतो, फोन करायचे टाळतो. त्याच्या मनाची विचारपूस करणे हे वजन विचारण्याइतकेच आवश्यक आहे. त्याची काळजी घेणाऱ्या पत्नीची किंवा मुलीची झोप होते का, हेही सिस्टरने विचारावे.

आठवड्यातून तीनदा घोडबंदर रोडची कोंडी ओलांडून रिहॅब केंद्रात जाणे बहुतेकांना झेपणारे नाही. ब्रिटनमध्ये परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या मदतीने घरच्या घरी करायचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम तपासला गेला, आणि वर्षअखेरीस त्या रुग्णांचे रोजचे जगणे इतरांपेक्षा चांगले आढळले. आपल्या महानगरपालिकांच्या आणि खाजगी रुग्णालयांना त्याची सुरुवात लहान प्रमाणात करता येईल : डिस्चार्ज कार्डावर एक फोन क्रमांक छापायचा, तो हार्ट फेल्युअरचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने उचलायचा आणि पहिल्या आठवड्यात तिनेच आपणहून फोन करून वजनाचा आकडा विचारायचा.