फेरफार केलेली न्यूक्लिओटाइडे व पेटंटमधील ‘सहज सुचण्या’चा वाद

डीएनएच्या घटकांत रासायनिक फेरफार करून पेटंट मिळवले, की प्रतिस्पर्धी बहुधा एक आक्षेप घेतोच : हे तर या विषयातल्या कुणाही जाणकाराला सहज सुचले असते. अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०३ नुसार हा आक्षेप सिद्ध झाला, तर पेटंट टिकत नाही. डीएनएचा क्रम वाचणाऱ्या यंत्रांवरून इल्युमिना ही कंपनी, कोलंबिया विद्यापीठ आणि इंटेलिजंट बायो-सिस्टिम्स ही दुसरी कंपनी यांच्यात झालेले खटले या वादाचा उत्तम नमुना आहेत.

या यंत्रांत डीएनएची नवी साखळी एकेका अक्षराने वाढवत वाचतात. प्रत्येक अक्षर म्हणजे एक न्यूक्लिओटाइड; त्यात एक शर्करा आणि अक्षर ठरवणारा एक बेस असतो. बेसला रंगद्रव्य जोडलेले असते आणि शर्करेच्या ३′ टोकावर, म्हणजे पुढचे अक्षर जिथे जोडले जाते तिथे, एक ‘टोपी’ (काढता येणारा रासायनिक गट) बसवलेली असते. त्यामुळे एक अक्षर जोडले, की साखळी थांबते. कॅमेरा रंग टिपतो. मग रंग आणि टोपी काढून पुढचे अक्षर. टोपी अक्षरे जोडणाऱ्या पॉलिमरेज विकराला अडणार नाही इतकी लहान हवी, डीएनएला इजा न करता निघायला हवी आणि जवळजवळ प्रत्येक साखळीवरून निघायला हवी. दर फेरीत ९९ टक्के टोप्या निघाल्या, तरी शंभर फेऱ्यांनंतर तालात चालणाऱ्या साखळ्या जेमतेम ३७ टक्के उरतात. मागे पडलेल्या साखळ्या भलताच रंग दाखवू लागतात.

रंग बेसवर आणि टोपी शर्करेवर, ही विभागणी कोलंबियाच्या पेटंटांत होती. इल्युमिनाने रॉजर त्सिएन (पुढे २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) यांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला पेटंट अर्ज पुढे केला : ही कल्पना त्यात आधीच होती, असे तिचे म्हणणे. आव्हान दिलेले दावे (पेटंटने नेमका कशावर हक्क सांगितला ती विधाने) अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळाने रद्द ठरवले आणि २०१५ मध्ये पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

दुसऱ्या खटल्यात बाजू उलटल्या : पेटंट इल्युमिनाचे, आव्हान इंटेलिजंट बायो-सिस्टिम्सचे. इल्युमिनाची टोपी होती अ‍ॅझिडोमिथिल, आणि १९९१ च्याच एका शोधनिबंधात हा गट ३′ टोकावर बसवून सौम्य परिस्थितीत काढल्याचे छापलेले होते. मग नवे काय? टोपी किती प्रमाणात निघावी याबद्दल पेटंटच्या दाव्यात एक शब्दही नाही, असेही इंटेलिजंट बायो-सिस्टिम्सने बजावले. खरी गोम इथे आहे. २०१६ मध्ये न्यायालयाने म्हटले, की यशाची अपेक्षा (ही जुळणी साधेल, असे जाणकाराला वाटले असते का) दाव्यातल्या शब्दांवरूनच मोजायची. मंडळाची त्याबाबतची मांडणी चुकली. पण हीच टोपी का निवडावी, याचे कारण म्हणून ती पुरेपूर निघते, असे आव्हान देणाऱ्यांनीच सांगितले होते. ते पुराव्याने उभे राहिले नाही. पेटंट टिकले.

नैसर्गिक जनुकांची कथा निराळी. १९९५ च्या ड्युएल निकालात प्रथिनाचा काही भाग ठाऊक असणे नेमका डीएनए क्रम सहज सुचण्यास पुरेसे मानले नव्हते. २००९ च्या क्युबिन निकालाने पेटंट मागणाऱ्यांना मिळालेली ती ढिलाई बरीच आवळली.