भोगावती खोऱ्यातून दाजीपूर

कोल्हापूर शहराला राधानगरी वन्यजीव अभयारण्याशी जोडणारा, भोगावती नदीच्या खोऱ्यातून जाणारा निसर्गरम्य मार्ग. शहरापासून दाजीपूरपर्यंतचे अंतर सुमारे ८० किमी. हळदी, परिते, राधानगरी अशी गावे घेत रस्ता दाजीपूरला पोचतो आणि तिथून फोंडा घाटाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीकडे उतरतो. घाटातल्या धुक्यासाठी येणारे बहुतेक पर्यटक राधानगरीपर्यंतचा भाग डोळे मिटूनच काढतात. पण हा सगळा रस्ता प्रवाहाच्या उलट, नदीच्या मुळाकडे चढत जातो, आणि खालचे खोरे नीट पाहिल्याशिवाय वरच्या जंगलाचे मोल कळत नाही.

पहिला टप्पा उसाचा आहे. दोन्ही बाजूंना फड, मधूनमधून गुऱ्हाळे, आणि हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या, रस्ता अडवणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. राधानगरी धरणाचे पाणी मुख्यतः नदीच्या पात्रातूनच खाली सोडले जाते. ते जागोजागी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडवले जाते आणि पंपांनी उपसून शेतात नेले जाते. या बंधाऱ्यांच्या दगडी खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला की त्यांत एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सरकवून पाणी तुंबवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून पुराला वाट मोकळी करायची, अशी ही साधी व्यवस्था. बरगे वेळेत निघाले नाहीत तर पाणी शेतात शिरते, म्हणून जून जवळ आला की नदीकाठच्या गावांचे लक्ष त्यांच्याकडे लागलेले असते. भोगावती पुढे कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्यासह पंचगंगेत एकरूप होते.

राधानगरी धरण म्हणजेच लक्ष्मी तलाव. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतले. ते मध्येच थांबले आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. राधानगरी हे गावाचे नाव महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून पडले. धरणाची साठवणक्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. आकाराने याहून कितीतरी मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. इथले वैशिष्ट्य म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. तलाव ठरावीक पातळीला भरला की ते पाण्याच्या जोरावर आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की पुन्हा बंद होतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी एकमेकांना ‘किती दरवाजे उघडले?’ असे विचारतात, ते याच दरवाजांबद्दल. पुढे पंचगंगा किती चढणार, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. राधानगरीजवळचा राऊतवाडी धबधबा याच दिवसांत भरात असतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पाण्याइतकीच गर्दीही वाहते.

धरणानंतर रस्त्याचे रूपच पालटते. ऊस मागे पडतो, जलाशयाचा फुगवटा झाडांमागून दिसत-लपत राहतो, वळणे वाढतात आणि झाडी रस्त्यावर झुकते. कोल्हापूरच्या छत्रपतींचे हे जुने शिकारीचे रान. १९५८ मध्ये दाजीपूर भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. राज्यातले हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र ३५१.१६ चौ.किमी. असून लक्ष्मी तलाव आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांभोवतीचे जंगल त्यात येते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांतली चार महाराष्ट्रातली आहेत आणि राधानगरी हे त्यांपैकी एक.

जंगल सदाहरित आणि निमसदाहरित. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन ही इथली नेहमीची झाडे. डोंगरमाथ्यावर मात्र जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, आहेत. सावराई सडा त्यांतला प्रसिद्ध. उन्हाळ्यात हा खडक भकास दिसतो, पण पाऊस ओसरताना त्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात आणि कीटक खाणारी दवबिंदू ही वनस्पती उगवते. सड्यावर गाडी घालणाऱ्यांना हे वैभव दिसत नाही, दुसऱ्यांसाठीही उरत नाही.

अभयारण्याची ओळख गव्यामुळे. पूर्ण वाढलेला नर काळाभोर असतो, वजन हजार किलोंच्या आसपास भरू शकते, आणि चारही पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे वाटतात. माद्या आणि पिल्ले तांबूस. कळप बहुधा माद्या-पिल्लांचा असतो. एकटा दिसणारा गवा बहुतेक वेळा नर. तो मान वर करून, फुरफुरून रोखून पाहू लागला तर जागीच थांबावे आणि त्याची वाट मोकळी ठेवावी. बिबट्या, अस्वल, रानकुत्री, सांबर, शेकरू हेही इथे आहेत, पण दाट झाडीमुळे दर्शन नशिबावर. मे अखेर ते जून, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, काजव्यांनी झाडे लखलखतात. प्रखर बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे यांनी त्यांचा हा विणीचा खेळ बिघडतो.

वन्यजीवांसाठी हे रान एकट्याने पुरेसे नाही. चांदोलीच्या बाजूकडून दक्षिणेला तिलारी आणि गोव्याच्या जंगलांपर्यंत जाणाऱ्या सह्याद्रीच्या पट्ट्यातला हा महत्त्वाचा दुवा आहे. गवे सीमा पाळत नाहीत, हे खोऱ्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. रात्रीत ऊस आणि भात तुडवला जातो, भरपाईसाठी पंचनाम्याची वाट पाहावी लागते. कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंतही गवे आलेले आहेत.

जंगलात शिरण्यासाठी दाजीपूरच्या प्रवेशद्वारावर वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. आतला रस्ता कच्चा आहे आणि पावसाळ्यात पर्यटकांसाठी तो बंद असतो. मुख्य रस्ता बारमाही, मात्र फोंडा घाटात अतिवृष्टीत दरडी कोसळतात आणि धुक्यात समोरची गाडीही दिसत नाही. अंधार पडल्यावर दाजीपूर परिसरात वेग कमीच ठेवावा; काळ्या रस्त्यावर उभा असलेला काळा गवा दिव्याच्या उजेडात फार उशिरा दिसतो.