एकाच नोंदवहीत देऊळ आणि वाचनालय: नाशिकच्या सार्वजनिक संस्थांची पार्श्वभूमी

केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातल्या ना-नफा संस्थांची मोजदाद केली, तेव्हा २००८ पर्यंत नोंदलेल्या संस्थांचा आकडा ३१ लाखांच्या पुढे गेला. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता, सुमारे ४ लाख ८० हजार संस्थांसह. पुढच्या टप्प्यात प्रत्यक्ष पत्त्यावर माणसे पाठवली, तेव्हा देशभरात सापडलेल्या संस्था सात लाखांच्या आसपासच भरल्या. या दोन आकड्यांवर आजवर भरपूर बोलले गेले आहे. कुणाला त्यात महाराष्ट्राची सेवापरंपरा दिसते, कुणाला कागदी संस्थांचे पीक. पण एखाद्या जिल्ह्यातल्या संस्था जवळून पाहिल्या तर नुसत्या संख्येतून फारसे काही कळत नाही. नाशिकचे उदाहरण त्यासाठी चांगले आहे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक काळाचा थर शाबूत आहे.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात प्रत्येक सार्वजनिक न्यासाचे, म्हणजे ट्रस्टचे, एक ‘परिशिष्ट एक’ असते. त्यात न्यासाचे नाव, विश्वस्त, स्थावर-जंगम मालमत्ता आणि ‘उत्पन्नाची साधने’ यांची नोंद होते. माझ्या मते संस्थेचा स्वभाव या शेवटच्या रकान्यात सापडतो.

सगळ्यात जुने साधन म्हणजे दान. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधवले, काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी उभारले. घाट, अन्नछत्रे, धर्मशाळा, पुढे पांजरापोळ हे सगळे त्याच प्रवाहातले. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा बांधली तीही दानातूनच, फक्त दाते आणि लाभार्थी दोघेही बदलले होते. दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेत देणाऱ्याचा नंतर काही हक्क उरत नाही. व्यवस्था पुजारी, मानकरी, वहिवाटदार यांच्या हाती जाते आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहते.

वर्गणी आली ती वेगळ्या वाटेने. १८४० मध्ये नाशिकला ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. आजचे सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचे ‘सावाना’, ते हेच. म्हणजे संस्था नोंदणीचा कायदा येण्याच्या वीस वर्षे आधी या गावात वर्गणी भरून चालणारी संस्था होती. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आला आणि कुठल्याही सात जणांना एकत्र येऊन, उद्देश लिहून, संस्था नोंदवण्याची सोय झाली. तिथून सभासद, घटना, कार्यकारी मंडळ, वार्षिक सभा हे शब्द मराठी सार्वजनिक जीवनात रुळले. सरकारला अर्थात सगळ्याच मंडळ्या हव्या होत्या असे नाही. मित्रमेळा आणि अभिनव भारत याच गावातले. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतरच्या धरपकडीत नाशिकमधल्या कुठल्याही तरुण मंडळावर पोलिसांची नजर राहिली.

तरीही पुढच्या तीन दशकांत शिक्षणसंस्था झपाट्याने उभ्या राहिल्या. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची, म्हणजे ‘मविप्र’ची, पायाभरणी झाली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे यांसारखी सत्यशोधकी वळणाची माणसे त्यामागे होती. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहायला जागा हवी, म्हणून या मंडळींनी आधी वसतिगृहाचा विचार केला. १९२० मध्ये शाहू महाराजांनी नाशिकला येऊन उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवली. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. तिचे नाशिकचे महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले आणि मुंबईच्या ठाकरसी घराण्याचे नाव त्याला लागले, तेच एचपीटी. डॉ. मुंजे यांची भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. डांग सेवा मंडळही १९३७ चेच. दादासाहेब बिडकरांनी सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्यात शिक्षणासाठी ते काढले. जातीची वसतिगृहे, राष्ट्रवादी महाविद्यालय, लष्करी शिक्षण, आदिवासी सेवा अशा एकमेकींशी क्वचितच पटणाऱ्या कल्पना एकाच गावात, एकाच कायद्याच्या आधाराने वाढत होत्या.

या सगळ्यात काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्थान मला फार मोठे वाटते. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा दादासाहेब गायकवाडांनी १९३५ पर्यंत चालवत ठेवला. दरवाजे उघडले नाहीत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सत्याग्रहाने विचारलेला प्रश्न मंदिरप्रवेशापुरता नव्हता. ज्या वास्तूला सगळे सार्वजनिक म्हणतात, तिच्यावर ताबा कुणाचा, हा तो प्रश्न होता. मंदिरप्रवेशाचे कायदे नंतर झाले. पण ताब्याच्या आणि पैशाच्या प्रश्नाला कायदेशीर उत्तर देण्याचा प्रयत्न १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने केला. देवस्थानांना नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण सक्तीचे झाले. कायद्याला आव्हान दिले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात काही कलमे कापली तरी मुख्य चौकट टिकली. आज त्र्यंबकेश्वरासारखी मोठी देवस्थाने न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेखाली, म्हणजे ‘स्कीम’खाली चालतात.

महाराष्ट्रातल्या संस्थांची गर्दी समजायला याच कायद्याची एक तरतूद पुरेशी आहे. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटीसुद्धा इथे सार्वजनिक न्यास मानली जाते. म्हणून संस्था काढणाऱ्याला दुहेरी नोंदणी करावी लागते आणि ‘एफ’ क्रमांक मिळतो; हिंदू देवस्थानाला ‘ए’. देऊळ, ग्रंथालय, अभियांत्रिकी महाविद्यालय, रुग्णालय आणि दोन खोल्यांतली बालवाडी या सगळ्यांचे कार्यालय एकच, आणि विश्वस्त बदलला की सगळ्यांना भरावा लागणारा ‘चेंज रिपोर्ट’ही एकच. जुन्या संस्थांमधली अर्धी भांडणे या चेंज रिपोर्टांत वर्षानुवर्षे अडकलेली असतात. वक्फ संस्था मात्र १९९५ च्या कायद्यानंतर वक्फ मंडळाकडे गेल्या. मालेगावच्या संस्थाजीवनाचा मोठा भाग त्यामुळे या नोंदवहीत दिसतच नाही.

स्वातंत्र्यानंतर तिसरे साधन आले, अनुदान. भाऊसाहेब हिरे यांची महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था १९५२ ची. गावोगाव माध्यमिक शाळा निघाल्या, आदिवासी तालुक्यांत अनुदानित आश्रमशाळा आल्या, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना वर्ग ठरवून पैसे मिळू लागले. शिक्षण घरापर्यंत पोहोचले ते या पैशामुळे, हे मान्य करायलाच हवे. त्याच वेळी वर्गणीदार मागे सरकला. पगार सरकार देणार असेल तर सभासदाकडे मागायचे काय? मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नाशिकला के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले. विद्यार्थ्याची फी हे मोठे साधन झाले, आणि धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थांची उलाढाल साखर कारखान्यांच्या जवळ जाऊ लागली.

सभासद मात्र पुरता गेला नाही. ‘मविप्र’च्या पंचवार्षिक निवडणुकीला आज दहा हजारांहून अधिक मतदार असतात; पॅनल पडतात, तालुक्यातालुक्यांत सभा होतात, विधानसभेइतकी चर्चा होते. सावानाची निवडणूकही चुरशीची होते. यावर नाके मुरडणारे खूप आहेत. मला ही चुरस संस्थेच्या जिवंतपणाची खूण वाटते. ज्या न्यासात निवडणूकच नाही, तिथले हिशेब विचारणार कोण?

१९८० नंतर ‘एनजीओ’ हा शब्द आला आणि त्याबरोबर फंडिंग. देशपातळीवर नोंदणीचा वेग इथूनच वाढतो: १९७१ ते ८० या दशकात सुमारे पावणेदोन लाख संस्था, १९९१ ते २००० मध्ये अकरा लाखांवर. आरोग्य, पाणलोट, महिला, बालकामगार अशा विषयांवर तीन वर्षांच्या प्रकल्पांची कामे सुरू झाली. प्रकल्प संपला की माणसे पांगली, पत्ता बदलला. मोजदादीत न सापडलेल्या संस्थांपैकी कितीतरी अशाच असणार. त्यांना सरसकट बोगस म्हणणे अन्यायाचे आहे.

याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला वेगळे काही घडले. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर, पाणी न पोहोचणाऱ्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना संघटित केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी शेतकऱ्यांनीच गोळा करायची, अशी ती व्यवस्था. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले आणि राज्यानेही २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. एक छोटी सेवाभावी संस्था मागे राहून दुसऱ्यांच्या संस्था उभ्या करते, हे काम आकडेवारीत एका ओळीपुरतेच येते.

शहरात कुसुमाग्रजांनी याच सुमारास, १९९० मध्ये, प्रतिष्ठान स्थापले. त्यांनीच रुजवलेले लोकहितवादी मंडळ १९५० चे. प्रतिष्ठानाने जनस्थान पुरस्कार दिलाच, पण पुढे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवल्या, आणि देणगीदाराला पेटीशी जोडून ठेवले. सावाना जिथून सुरू झाली, त्या वर्गणीच्या जवळ जाणारी ही पद्धत आहे.

सध्याचा थर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्क्यांची तरतूद आणली, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये त्या पैशाला वाट मिळाली. कलम आठखालच्या ना-नफा कंपन्या निघाल्या, ज्या मूळ नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयात जातच नाहीत. महिला बचत गट तर पहिल्यापासून त्या नोंदवहीबाहेर आहेत. बरीच गणेश मंडळे दहा दिवसांच्या वर्गणीपुरती १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घेतात आणि पुन्हा नोंदीबाहेर जातात.