ठसेकाम (प्राथमिक शाळेतील)

ठसेकाम : वस्तूला रंग लावून ती कागदावर किंवा कापडावर दाबायची आणि उमटलेल्या आकारांतून चित्र वा नक्षी तयार करायची, असा प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा उपक्रम. महाराष्ट्रात तो पहिली ते पाचवीच्या कला आणि कार्यानुभव या विषयांत येतो. ठशासाठी बोटे, तळहात, झाडाची पाने, कापलेली भाजी, बाटलीची झाकणे, बांगड्या, काडेपेटी असे हाताशी असेल ते चालते. ब्रश लागतोच असे नाही.

शाळेत येण्याआधीच अनेक मुलांनी ठसे पाहिलेले असतात. पोळ्याला बैलांच्या अंगावर पेला किंवा वाटी रंगात बुडवून गोल उमटवतात. गौरी घरात आणताना उंबऱ्यापासून आतपर्यंत पावले काढतात. काही घरांत ती मुठीची कड ओल्या पिठात बुडवून आणि वर बोटांच्या टोकांचे पाच ठिपके देऊन उमटवली जातात. वर्गात हे पाऊल एखादी मुलगी न शिकवता करून दाखवते, आणि मग सगळा वर्ग तेच करत सुटतो.

मुलांना छपाईचे काम देण्याची आधुनिक परंपरा व्हिएन्नापर्यंत मागे नेता येते. चित्रकार व कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी तेथे १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. नमुन्याबरहुकूम रेखाटन करून घेण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या वर्गात मुले लिनोलियम (जमिनीवर अंथरायचे मऊ, कोरता येणारे आच्छादन) कोरून ठसे काढत. महाराष्ट्रात हाताने करण्यातून शिकण्याच्या विचाराला गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने बळ दिले. सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत कलाशिक्षक होते. कला हा जादा विषय नसून शिक्षणाचा पायाच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

भेंडी आडवी कापली की पाच कप्प्यांचे फूल मिळते. एखादी सहा-सात कप्प्यांचीही निघते आणि मुले ती राखून ठेवतात. कांद्याची वर्तुळे, कारल्याची दातेरी कड यांनाही मागणी असते. भाजी वाया जाते ही तक्रार रास्त आहे, पण भेंडीचा देठाकडचा भाग पोषण आहाराच्या स्वयंपाकात टाकूनच देतात आणि ठशाला तोच धरायला सोयीचा. बटाटा कापल्यावर काही वेळ कापडावर पालथा ठेवावा लागतो, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग पातळ होऊन ठसा फिसकटतो. झाडाच्या पानाला रंग मागच्या बाजूने लावायचा, कारण शिरा तिकडे उठावदार असतात; पेरू आणि जास्वंदीची पाने चांगली उठतात.

रंग ताटलीत ओतून त्यात वस्तू बुडवली की हमखास बरबटते. जुन्या सुती कापडाची ओली घडी झाकणात ठेवून तिच्यावर पोस्टर कलर पसरायचा आणि वस्तू तिच्यावर हलकेच टेकवायची. कागदाखाली वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या असल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो. ठसा सरळ वर उचलायचा, सरकवायचा नाही. एकदा रंग घेऊन तीन-चार ठसे निघतात आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका असतो. हे फिकेपण चूक म्हणून पुसायला न लावता त्यातून लांबची झाडे, जवळची झाडे करू दिली, तर गडद-फिक्याचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही. पोस्टर कलर नसेल तिथे गेरू आणि हळद वापरतात. हळदीचे पिवळे हात साबणाने धुताना लाल होतात. हा गोंधळ परिसर अभ्यासाच्या तासाला पुरतो.

पहिली-दुसरीला बोटांचे ठसे देतात. अंगठ्याच्या ठशाला पेनाने शेपूट काढली की उंदीर, सहा पाय काढले की मुंगी. पुढच्या इयत्तांत ठसे ओळीत, एकाआड एक, कोपऱ्यापासून मध्याकडे मांडायला सांगतात. साडीचा काठ हा नेहमीचा विषय. गणितातले आकृतिबंध इथे हाताखालून जातात. पाचवीपर्यंत काही शाळा बटाट्यावर साधा आकार कोरून देतात. सुरी शिक्षकांच्याच हातात असावी. स्वतःच्या नावाचे अक्षर कोरले तर ते उलटे उमटते, आणि हे आधी सांगून टाकणे म्हणजे मुलांची गंमत घालवणे.

हा उपक्रम टिकण्यामागे शाळांची परिस्थितीही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांना आहे, तीही शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असलेल्या शाळेत दोनच शिक्षक असतात, आणि भाषा-गणित शिकवणारे तेच चित्रकलाही घेतात. रेखाटनाचा सराव नसलेल्या शिक्षकालाही ठसेकाम निर्धास्तपणे घेता येते. मुलांच्या बाजूनेही तेच: ज्याला फळ्यावरचे चित्र उतरवता येत नाही, त्याच्या भेंडीचे फूल वर्गातल्या हुशार चित्रकाराच्या फुलाइतकेच नीट उमटते.

याच सोपेपणातून त्याची दुर्दशाही होते. शिक्षक आधीच आखलेला मोर वाटतात, मुले पिसाऱ्यात ठसे भरतात आणि भिंतीवर चाळीस सारखे मोर लागतात. तो रंगकामाचा तास झाला. कुठला ठसा कुठे ठेवायचा हे मुलाने ठरवलेच नाही. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकत असतानाच वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, कलेसाठी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, पण तयार यादीतले ‘विविध ठसे उमटवतो’ हे वाक्य सगळ्यांच्या पुढे उतरवले जाते. कोणी ठसे दाटीने ठेवले, कोणी कागदाचा मध्य मोकळा सोडला, यांतले काही त्यात येत नाही.

माध्यमिक शाळेत ठसेकाम जवळपास संपते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्र हा विषय असतो. नक्षीतली पुनरावृत्ती तिथे पुन्हा भेटते, पण ती पट्टी, कंपास आणि ब्रशने साधायची असते.