कंचे : चुरशीच्या डावाचे नियम (नागपूर)

काचेच्या गोट्यांवर नेम धरून प्रतिस्पर्ध्याच्या गोट्या जिंकण्याचा मैदानी खेळ. नागपुरात आणि एकूण विदर्भात गोट्यांना ‘कंचे’ म्हणतात. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांच्या बोळांत तो पिढ्यानपिढ्या खेळला गेला. सिमेंटच्या रस्त्यांनी गल, म्हणजे गोट्यांसाठीचा छोटा खड्डा, खणायची जागाच घेतल्यावर तो मोकळ्या मैदानांकडे सरकला.

या डावाला लेखी नियमावली नाही, पण म्हणून तो ढिला असतो असे मुळीच नाही. नियम खेळण्याआधी तोंडी ठरतात आणि मध्येच बदलता येत नाहीत. जिंकलेले कंचे ठेवून घ्यायचे की परत करायचे, गोटी कुणाच्या पायाला लागून थांबली तर काय, नेमाआड आलेला खडा उचलायचा की नाही, हे सगळे बोलून घ्यावे लागते. बहुतेक भांडणे यातले काहीतरी ठरवायचे राहिल्याने होतात, म्हणून मुरलेले खेळाडू इथे घाई करत नाहीत.

जमीन मुरमाची, झाडून घेतलेली हवी. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकटते. तिच्यावर गोटी सरळ धावत नाही. साधा कंचा सुमारे १६ मिमी. व्यासाचा असतो. मारायची गोटी प्रत्येकाची ठरलेली असते, आणि टवका उडालेली गोटी जाणता खेळाडू हातात घेत नाही.

खेळाचे खरे कसब फटक्यात आहे. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवायचा, उजव्या हाताच्या चिमटीतली गोटी डाव्या मधल्या बोटाच्या टोकाला लावायची, बोट धनुष्यासारखे मागे ताणायचे आणि सोडायचे. अंगठा उचलला किंवा पुढे सरकवला, तर फटका बाद. गोटी जिथे थांबली तिथेच अंगठा टेकला पाहिजे. बोटभर पुढे सरकून मारणे ही सरळ रडी, आणि सगळ्यांचे डोळे त्या अंगठ्यावरच असतात. पाश्चात्त्य स्पर्धांत गोटी एकाच हाताच्या अंगठ्याने उडवतात, पण हात जमिनीला टेकलेला हवा हा दंडक तिथेही आहे. अमेरिकेत १९२२ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत १० फूट व्यासाच्या रिंगणात १३ गोट्या अधिकच्या चिन्हाप्रमाणे मांडतात. ७ गोट्या आधी बाहेर काढणारा जिंकतो. इंग्लंडमधील टिन्सली ग्रीनच्या जागतिक स्पर्धेत रिंगण ६ फुटांचे व गोट्या ४९ असतात.

पहिली पाळी कुणाची, हे ठरवण्यासाठी सगळे आखलेल्या रेघेकडे एकेक गोटी टाकतात. जवळ पडेल तो पहिला. रिंगणाच्या डावात प्रत्येकाने सारखे कंचे आत मांडायचे आणि लांबच्या रेघेवरून नेम धरायचा. बाहेर उडवलेला कंचा मारणाऱ्याचा, आणि नेम चुकेपर्यंत पाळी त्याचीच. मारायची गोटी आतच अडकली तर ती सोडवायला एक कंचा भरण्याची बोली पुष्कळ ठिकाणी असते.

गलीचा डाव अधिक अवघड आणि, पाहणाऱ्यालाही, अधिक रंगतदार. जमिनीत वाटीएवढा खड्डा करतात, तीच गल. जमा केलेले सगळे कंचे एकदम गलीकडे फेकायचे. आत पडतील ते फेकणाऱ्याचे. बाहेर पसरलेल्यांपैकी एक कंचा प्रतिस्पर्धी बोटाने दाखवतात, आणि तो बहुधा दोन कंच्यांच्या आड दडलेलाच निवडतात. नेमका तोच टिपला तर सगळा डाव खिशात. भलत्याला धक्का लागला तर एका कंच्याचा दंड आणि पाळी पुढच्याकडे.

कंचे न लावता खेळताना हरणाऱ्याला शिक्षा असते. त्याने आपली गोटी कोपराने ढकलत गलीपर्यंत न्यायची. वाटेत बाकीचे ती टिपून पुन्हा लांब उडवतात. गोटी गलीत पडली की तो सुटला.