तिसऱ्या चित्रातली ठिणगी

शाळेत फोर-स्ट्रोक इंजिन शिकताना चार चित्रं काढावी लागत. पहिल्यात दट्ट्या (पिस्टन) खाली येतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं, दुसऱ्यात तो वर जाऊन ते दाबतो, तिसऱ्यात ठिणगी पडून दट्ट्या खाली ढकलला जातो, चौथ्यात धूर बाहेर. तिसऱ्या चित्रात दट्ट्या अगदी वर टेकलेला असतो आणि ठिणगीही तिथेच काढलेली असते. मला हे चित्र खटकतं. चालत्या इंजिनात ठिणगी जवळजवळ नेहमी दुसऱ्या चित्रातच पडते, दट्ट्या अजून वर चढत असताना.

गेल्या महिन्यात एका तरुण मित्राने आजोबांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणली. गाडी सुरू व्हायची, पण चढावर दम सोडायची आणि पाणी तापायचं. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर धुऊन झाला होता, ठिणगी पाडणारे प्लग नवे, त्यांना वीज देणारी कॉइल नवी. टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते याचं, विचारलं तर म्हणाला, "पिस्टन वर आला की स्पार्क पडतो, त्यात लावायचं काय?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं. हौशी मंडळींच्या घरी मात्र या गाड्या अजून आहेत. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. या गाडीत कॉम्प्युटर नाही. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर नावाचा, मुठीत मावेल असा डबा ठरवतो आणि त्या डब्याला किती फिरवून घट्ट करायचं हे माणूस ठरवतो.

आता मूळ मुद्दा. सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही. मिश्रण जळतं. प्लगपाशी एक छोटी ज्योत लागते आणि ती पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. या प्रवासाला वेळ लागतो. दाब शिगेला पोचावा तो दट्ट्या वरून परत फिरून थोडा खाली उतरल्यावर, साधारण १२ ते १६ अंशांवर, कारण तेव्हा त्या दाबाचा सगळ्यात चांगला उपयोग होतो. (दट्ट्याच्या वर-खाली होण्याने जो दांडा फिरतो तो क्रँकशाफ्ट. त्याचा एक फेरा म्हणजे ३६० अंश, दट्ट्या अगदी वर असतो ती जागा शून्य अंश.) म्हणजे पेटवण्याचं काम आधीच सुरू करायला हवं. अकराला जेवायला बसायचं असेल तर कुकर अकराला चढवून कसं चालेल?

फार आधी ठिणगी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच दाब विरोध करतो. उशिरा पडली तर दट्ट्या खाली पळत सुटतो, ज्योत त्याच्यामागे धावत राहते, जळतं पेट्रोल ताकद न देता एक्झॉस्टकडे जातं आणि इंजिन तापतं. मित्राच्या गाडीची लक्षणं ही अशी होती.

इथवर सोपं आहे. मला खरा मोह पडतो तो पुढच्या भागाचा. पेट्रोलची ज्योत मुळात फारच मंद असते. शांत, न हलणाऱ्या मिश्रणात ती सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर पुढे सरकते. ६८ मिलिमीटरचा सिलिंडर ओलांडायला तिला १७० मिलिसेकंद लागतील. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे ज्योत पलीकडे पोचेपर्यंत साडेआठ फेरे होऊन जातील! जळून फुगलेला वायू ज्योतीला पुढे ढकलतो, तो हिशेब धरला तर वेग काही पटींनी वाढतो. तरी पुरत नाहीच. या हिशेबाने मोटारगाडी अशक्य आहे.

तिला शक्य करते ती खळबळ. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून मिश्रण जोरात आत घुसतं, भिंतींवर आदळतं आणि त्याचे भोवरे होतात. मोठ्या भोवऱ्यांतून लहान, लहानांतून आणखी लहान. पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे नदीचं पाणी कसं घुसळतं ते आठवा. अशा वायूत ज्योतीचा पापुद्रा सपाट राहूच शकत नाही. त्याला सुरकुत्या पडतात, घड्या पडतात, त्याचं क्षेत्रफळ कैक पटींनी वाढतं. पापुद्र्याचा प्रत्येक बिंदू आपल्या मंद गतीनेच जळत असतो, पण जळणारा पृष्ठभागच इतका वाढतो की एकूण मिश्रण भराभर संपतं.

डुगाल्ड क्लर्क या स्कॉटिश अभियंत्याने १९१२च्या सुमारास हे फार सुंदर दाखवलं. त्याने सिलिंडरमध्ये मिश्रण घेतलं, व्हॉल्व्ह बंद ठेवले आणि न पेटवता ते नुसतंच दोन-चार वेळा दाबलं, सोडलं. तेवढ्यात आतले भोवरे शमले. मग ठिणगी दिली. तेच मिश्रण, तेच इंजिन, पण जळायला कितीतरी जास्त वेळ लागला.

आणि यातली सगळ्यात देखणी गोष्ट ही की खळबळ इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. पद्मिनीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर घुटमळत असताना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर असतो, ४८०० फेऱ्यांवर १२ मीटर. भोवऱ्यांचा जोर जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. दट्ट्या सहापट घाई करतो तेव्हा ज्योतही जवळपास तितकीच घाई करते. त्यामुळे मिश्रण जळायला लागणारे अंश फारसे बदलत नाहीत.

मग चौकस वाचक विचारेल, ज्योत वेगाबरोबर जुळवून घेते तर वेग वाढल्यावर ठिणगी आणखी आधी का पाडावी लागते? डिस्ट्रिब्युटरच्या आत स्प्रिंगने धरलेली दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी आणतात. ती कशाला?

कारण ज्योत जन्मते तेव्हा ती मोहरीएवढी असते. भोवरे तिच्याहून मोठे असतात, ते तिला इकडून तिकडे वाहून नेतात, पण सुरकुत्या पाडू शकत नाहीत. त्या बाल्यावस्थेत ती बरीचशी आपल्या मूळ मंद चालीने वाढते. ही अवस्था समजा एक मिलिसेकंदाची. ८०० फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट सुमारे ५ अंश फिरतो, ४८०० वर जवळजवळ २९. वजनांनी भरून काढायचा फरक मुख्यतः हा. खळबळीचा थोडा परिणाम या अवस्थेवरही होतो, म्हणून अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी जितके अंश आधी पडते तो आकडा, वेगाच्या सरळ प्रमाणात न वाढता एका मर्यादेला थांबतो. अनेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या निर्वातावर चालणारी एक पडदी असते. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, ते हळू जळतं. तेव्हा ती पडदी ठिणगी आणखी आधी ओढते.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) हे काम चालकाच्या डाव्या हाताला असे. स्टिअरिंगखाली एक दांडी, वेग वाढला की ती ओढायची. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडी मागे घ्यायला विसरलात तर दट्ट्या वर पोचण्याआधीच मिश्रण पेटे आणि हँडल उलटं फिरून मनगटावर आदळे. मनगटापाशी मोडणाऱ्या हाडाच्या एका प्रकाराला वैद्यकात आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते यावरूनच.

मित्राच्या गाडीवर आणखी एक वस्तू निघाली: पेट्रोलच्या नळीला बांधलेले दोन चुंबक. मायलेज वाढतं असं सांगून कोणीतरी विकलेले. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा जळण्यात फरक पडेल असा काही परिणाम होत नाही. बॉनेटला बांधलेलं लिंबू-मिरची आणि नळीला बांधलेलं चुंबक यांत मला फरक दिसत नाही; लिंबू निदान स्वस्त असतं. ते पैसे फीलर गेजवर, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर, खर्च करा.

फीलर गेजपासूनच काम सुरू होतं. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉईंट, म्हणजे विजेचा प्रवाह जोडणारी-तोडणारी दोन टोकं, असतात. ते उघडतात त्या क्षणी कॉइलचा प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. त्यांच्यातली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. फट आधी लावायची, टायमिंग नंतर, कारण फट बदलली की टायमिंग बदलतं. पॉईंटची फायबरची टाच कॅमवर (पॉईंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांच्या दांड्यावर) घासून झिजते, फट कमी होते, पॉईंट उशिरा उघडतात. गाडी वर्षानुवर्षं नुसती चालवली तर टायमिंग आपोआप मागे पडत जातं.

मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. अंगठा ढकलला जाऊ लागला की दाबाचा टप्पा आला. पुलीवरची खूण सांगितलेल्या अंशावर आणायची. डिस्ट्रिब्युटरच्या पॉईंटच्या वायरला १२ व्होल्टच्या दिव्याचं एक टोक, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. इग्निशन चालू. पॉईंट मिटलेले असेपर्यंत दिवा विझलेला राहतो, उघडले की लागतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून डबा सावकाश फिरवायचा आणि दिवा लागतो नेमक्या त्या जागी आवळायचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डबा एक अंश हलला तर टायमिंग दोन अंशांनी हलतं.

मित्राच्या गाडीत आधी नुसतं तपासलं. खूण समोर आली तरी दिवा लागेना. ती बरीच पुढे निघून गेल्यावर लागला. टाच झिजलेली होती. नवे पॉईंट बसवले, फट लावली आणि दिवा खुणेवर आणला.

मॅन्युअलमधला आकडा मी अंतिम मानत नाही. तो त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या ठरलेल्या मापाच्या भोकातून (जेटमधून) आलेलं इंधन हवेच्या मानाने थोडं कमी पडतं, आणि असं मिश्रण हळू जळतं. दुसरीकडे इथेनॉल असलेलं पेट्रोल नॉकिंग, म्हणजे ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आपणहून पेटणं, जास्त सहन करतं. म्हणून शेवटची तपासणी कानाने करायची.

आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. टॉप गिअरमध्ये, कमी वेगावर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. नॉकिंगचा, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज क्षणभर आला आणि गाडीने वेग घेताच विरला. तो टिकून राहिला असता तर ठिणगी फार आधी पडतेय असं समजून डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घ्यावा लागला असता. मित्र बोगद्यापर्यंत तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा मधोमध होता.