‘कोणालो तूं?’ : गोव्यातल्या नोकरीच्या मुलाखतीमागचा इतिहास

गोव्यात अनोळखी माणूस भेटला की पहिले दोन प्रश्न ठरलेले : ‘तूं खंयचो? कोणालो?’ गाव कुठलं आणि घर कुणाचं. अर्ध्या मिनिटात कुणाचा तरी मामा निघतो, नाहीतर जत्रेतली ओळख निघते, आणि मग पुढचं बोलणं सुरू होतं. मुलाखतीत साहेब इंग्रजीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतो तेव्हा आमची मुलं बहुतेक वेळा ह्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर देतात. मीही दिलं होतं. गाव डिचोली तालुक्यात, वडील खाणीवर, थोरला भाऊ आखातात. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि तुम्ही काय करता?’ ती नोकरी मला मिळाली नाही.

ही सवय आळसाची नाही. फार काळ गोव्यात नोकरी मिळायची ती ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर.

पोर्तुगीज अमलात सरकारी कचेरीचा कारभार पोर्तुगीजमध्ये चालायचा. त्या भाषेचं शिक्षण घ्यायचं तर पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, १८५४ सालची. हिंदूंना सरकारी नोकरीची दारं खऱ्या अर्थाने उघडली ती १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर. तोवर आणि त्यानंतरही बऱ्याच घरांतली मुलं गावात शेणैमामाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक गुरुजींकडे, मराठी अक्षरं गिरवायची. त्या मराठीवर पुराण वाचता यायचं, दुकानाची वही लिहिता यायची. कचेरीत मात्र तिचा उपयोग नव्हता. म्हणून मुलं घाट चढून बेळगावला, नाहीतर पुण्या-मुंबईला जायची.

मुंबईत पाय टेकायला जागा लागायची आणि ती गावावर ठरायची. ख्रिस्ती तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, धोबीतलाव आणि माझगावच्या कुडींमध्ये राहायचे. प्रत्येक गावाची आपली कूड, आणि पुढचं जहाज मिळेपर्यंत मुक्काम तिथेच. हिंदू मुलं गिरगावात कुणा नातेवाइकाच्या खोलीवर. १९१९ मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली तीही ह्याच वस्तीच्या जोरावर. ‘हा आमच्या गावचा, घरचं माणूस चांगलं आहे’ एवढं कुणीतरी सांगितलं की काम व्हायचं. आज आपण ज्याला रेफरन्स म्हणतो तो हाच. फरक इतकाच की तेव्हा त्याच्यामागून मुलाखत येत नसे.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज अंमल संपला आणि चित्र उलटंपालटं झालं. कचेऱ्यांतल्या फायली इंग्रजीत गेल्या. पोर्तुगीज काळातल्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्यासाठी १९६५ मध्ये संसदेला वेगळा कायदाच करावा लागला. काल ज्या भाषेत हुकूम निघत होते तिच्यात आज सही करायची नाही, ह्या अवस्थेत चाळिशीच्या कारकुनाने इंग्रजी टिपणं कशी शिकली असतील? वरच्या जागांवर महाराष्ट्रातून आणि इतर राज्यांतून अधिकारी प्रतिनियुक्तीवर आले, आणि १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हाती तोही एक मुद्दा लागला. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर ह्यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं १९६२ पासूनची. दैनिक ‘गोमन्तक’ही त्याच वर्षी निघालं. शेणैमामाकडे शिकलेल्याचा मुलगा पदवीधर होऊ लागला. घरात पहिल्यांदाच कुणीतरी पेपरातली जाहिरात कापून ठेवू लागलं.

पण वशिला गेला नाही. माझ्या मते ह्यात लोकांच्या स्वभावापेक्षा मतदारसंघांच्या आकाराचा हात जास्त आहे. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झालं आणि विधानसभा ४० जागांची झाली. आज एका मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार. एवढ्यात आमदाराला जवळजवळ प्रत्येक घर माहीत असतं. ‘कोणालो?’ हा प्रश्न मग सचिवालयापर्यंत पोचतो, आणि त्याचं उत्तर पुढच्या निवडणुकीत मोजलं जातं. सरकारी नोकरी हवी तर अर्जाबरोबर आमदाराच्या दारातली खेप आलीच, हे आमच्या पिढीने जन्मापासून पाहिलं.

भाषेचा गुंता ह्याहून वेगळा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची मुभा राहिली. सरकारी जाहिरातींत तेव्हापासून त्या दोन ओळी येत राहिल्या : कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट. मराठी शाळेत शिकलेल्याला त्या ‘इष्ट’चा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. १९९० पासून सरकारी अनुदान मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांनाच, असं धोरण आलं. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान सुरू झालं. मधल्या वीस वर्षांतली आम्ही मुलं चौथीपर्यंत मराठीत, पुढे इंग्रजीत, मैदानावर कोंकणीत. मुलाखतीत आम्ही अडखळतो ते बहुतेक वेळा विषय येत नाही म्हणून नाही. उत्तर एका भाषेत सुचतं आणि बोलायचं असतं दुसऱ्या भाषेत.

सरकारी बाजूला आता मुलाखतच कमी झाली आहे. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या स्तरावरच्या पदांसाठी ती बंद केली. गोव्यात २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आणि संगणकावरची परीक्षा आली. तरीही २०२४ च्या अखेरीस नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या, अटका झाल्या. ‘खंयचो’ ह्या प्रश्नाला तर सरकारी कागदच आहे : पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला. मामलेदार कचेरीच्या रांगेत तो काढून ठेवा, जाहिरात येण्याआधीच. सोबत एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड. ते जुनं झालं असेल तर नूतनीकरण करून घ्या. हुशार मुलं ह्या एका कागदापायी मागे राहिलेली पाहिली आहेत.

खासगी क्षेत्रात मुलाखत आली ती कारखाने आणि हॉटेलांबरोबर. सत्तरच्या दशकात झुआरीनगरचा खत कारखाना, उसगावची टायर फॅक्टरी, १९७४ मध्ये आग्वादचं ताज हॉटेल, पुढे वेर्ण्यातल्या औषध कंपन्या. खाणपट्ट्यात मात्र ‘कोणालो’ बराच काळ पुरत होतं. ट्रक कुणाचा, बार्ज कुणाची, एवढ्यावर काम लागायचं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि चाळिशीतल्या माणसांवर पहिल्यांदाच बायोडेटा लिहायची पाळी आली. माझ्या वडिलांचा बायोडेटा मी टाईप केला. ‘अनुभव’ ह्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. ते म्हणत होते, ‘सगळ्यांना ठाऊक आहे की मी काय करायचो.’

मालकाला काय म्हणायचं हेही ह्या वाटेवर बदलत आलं. जुना ‘पात्रांव’ पोर्तुगीजातून आलेला. तो बारमालकालाही चालायचा आणि भाटकारालाही, म्हणजे जमीनदारालाही. मग ‘साहेब’, हॉटेलांत ‘सर’, आणि आता काही कंपन्यांत थेट नाव. पन्नाशीच्या मॅनेजरला नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडते, मग मी नुसतंच ‘एक्स्क्यूज मी’ म्हणतो.

राहता राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मूळ घरी सगळे भाऊ जमतात, गणपती कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच. बाहेरून आलेल्या एचआरला हे ठाऊक नसतं आणि मुलाखतीतच ‘चवथीला रजा किती?’ असं विचारणारे मी पाहिले आहेत. प्रश्न रास्त आहे, वेळ चुकीची. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर विचारा, आणि जून-जुलैतच अर्ज टाका, कारण त्या आठवड्यात अर्ध्या ऑफिसला तीच रजा हवी असते.